फीचर्सची सोयरीक: फाइलसिस्टिमच्या टूलने ‘नाही’ कधी म्हणायचं

जालन्याच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानात सेंटओएस ७ या लिनक्सवर चालणारा सर्व्हर आहे असं समजा. त्या सेंटओएसचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पण काटा-पट्टीचं सॉफ्टवेअर चालतंय तोवर त्याला कुणी हात लावत नाही. बॅकअपसाठी नवी डिस्क येते. ती संभाजीनगरहून आणलेल्या नव्या लॅपटॉपवर ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत) फॉरमॅट होते, कुठलाही खास पर्याय न देता. जुन्या सर्व्हरला लावली की ती माउंटच होत नाही, म्हणजे वापरायला उघडत नाही. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये एवढंच दिसतं की काही फीचर्स ओळखीची नाहीत, आणि कंसात आकडा: २०००.

तीच डिस्क परभणीच्या ऑफिसात उबंटू २२.०४ वर लावा. माउंट होते, फाइली कॉपी होतात, सगळं गोड. मग लाईट जाते, यूपीएसने मान टाकलेली असते, आणि डिस्क तपासायला ई-टू-एफएसके चालवलं की ते सांगतं, ‘फीचर सी१२ मला माहीत नाही, नवी आवृत्ती आणा’, आणि थांबतं. म्हणजे लिहायला चालली, दुरुस्तीला नाही.

डिस्क खराब नाही आणि दुकानदाराने फसवलेलंही नाही. नव्या टूलने डीफॉल्ट म्हणून जी फीचर्स चालू केली, त्यांची सोयरीक जुन्या यंत्राशी जमत नाही. (आज्ञा आणि फीचर्सची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर त्यांचं नेहमीचं स्पेलिंग टाका.)

ईएक्सटी४ चा मुख्य सुपरब्लॉक, म्हणजे फाइलसिस्टिमचं ओळखपत्र, पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो. त्यात फीचर्सच्या तीन पेट्या आहेत, प्रत्येकी ३२ बिटांच्या: ९२ व्या बाइटवर ‘कॉम्पॅट’, ९६ वर ‘इनकॉम्पॅट’, १०० वर ‘आरओ-कॉम्पॅट’. एका फीचरला एक बिट. कर्नलला इनकॉम्पॅट पेटीत अनोळखी बिट दिसला तर तो माउंट नाकारतो. आरओ-कॉम्पॅट पेटीत दिसला तर फक्त वाचण्यापुरतं माउंट करू देतो. कॉम्पॅट पेटीतला अनोळखी बिट त्याला चालतो, तो लिहायलाही परवानगी देतो. तपासणीचं टूल मात्र जास्त कडक असतं. त्याला कॉम्पॅट पेटीतलासुद्धा एखादा बिट कळला नाही तर ते कामाला हातच लावत नाही. हे बरोबरच आहे. ज्याला घराचा नकाशा समजत नाही त्याने भिंत पाडू नये.

वरचे दोन्ही प्रसंग आता उलगडतात. ईएक्सटी४ च्या टूल्सच्या ई-टू-एफएस-प्रॉग्स या संचाची १.४७.० ही आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तिच्यात दोन फीचर्स डीफॉल्ट झाली: चेकसम सीड (माहिती बिघडली का ते पकडणारे आकडे, म्हणजे चेकसम, काढायचा सुरुवातीचा आकडा डिस्कवर ठेवणं) आणि ऑर्फन फाइल (पुसलेल्या पण अजून वापरात असलेल्या फाइलींची यादी). चेकसम सीडचा बिट इनकॉम्पॅट पेटीत आहे, हेक्समध्ये २०००. कर्नलला ते ४.४ पासून कळतं. सेंटओएस ७ चा कर्नल ३.१०, म्हणून दार बंद. ऑर्फन फाइलचा बिट कॉम्पॅट पेटीत बाराव्या क्रमांकावर आहे, म्हणून नाव माहीत नसलेलं जुनं टूल त्याला ‘सी१२’ म्हणतं. सी म्हणजे कॉम्पॅट, आय म्हणजे इनकॉम्पॅट, आर म्हणजे आरओ-कॉम्पॅट, पुढे बिटचा क्रमांक. ही खूण एकदा लक्षात ठेवली की अर्धा तास शोधाशोध वाचते. उबंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५, आणि ऑर्फन फाइल ५.१५ मध्येच आली, म्हणून कर्नलची तक्रार नाही. टूल मात्र १.४६ मालिकेतलं, ते अडतं.

ऑर्फन फाइलची एक गंमत आणखी आहे. फाइलसिस्टिम लिहिण्यासाठी माउंट झाली की ‘ऑर्फन प्रेझेंट’ नावाचा दुसरा बिट आरओ-कॉम्पॅट पेटीत चढतो (आर१६) आणि नीट अनमाउंट केल्यावर उतरतो. त्यामुळे ५.४ कर्नल असलेल्या उबंटू २०.०४ वर नीट काढलेली डिस्क लिहिता येते, पण तीच डिस्क लाईट गेल्यामुळे किंवा केबल ओढल्यामुळे अर्धवट सुटलेली असेल तर फक्त वाचता येते. ‘काल चालत होती, आज चालत नाही’ या तक्रारीत अनेकदा डिस्क दोषी नसते. मराठवाड्यात मे महिन्यात ही तक्रार जास्त ऐकू येते, कारण उघड आहे.

हे झालं एका फीचरचं आणि एका यंत्राचं. खरी मेख जोडीत आहे. दोन फीचर्स स्वतंत्रपणे उत्तम असतात, पण एकत्र आली की एकाच जागेवर दोघांचा दावा लागतो. पेट्यांच्या व्यवस्थेत हे पकडायची सोय नाही. दोन्ही बिट ओळखीचे असले की पेट्या म्हणणार ‘पुढे चला’. ३० फीचर्स धरली तर जोड्या होतात ४३५. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, मूठभर घातक असतात, आणि ती मूठ टूलने ओळखली पाहिजे.

रिसाइझ आयनोड आणि मेटा बीजी ही जोडी समजली की बाकीच्या आपोआप समजतात. ईएक्सटी४ डिस्कचे गट पाडते. ४ केबी ब्लॉक असेल तर एक गट १२८ एमबीचा. प्रत्येक गटाची माहिती ठेवणारा एक डिस्क्रिप्टर असतो, ३२ किंवा ६४ बाइटचा, आणि हे सगळे डिस्क्रिप्टर सुपरब्लॉकच्या लगेच मागे ओळीने बसतात. पुढे फाइलसिस्टिम मोठी करायची झाली तर ही ओळ लांबते, तिला जागा लागते. रिसाइझ आयनोड हेच काम करतो. आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) क्रमांक ७ च्या नावावर तो ओळीमागचे ब्लॉक आधीच राखून ठेवतो. फॉरमॅट करणारं टूल एमके-ई-टू-एफएस डीफॉल्टने मूळ आकाराच्या १०२४ पटीपर्यंत वाढता येईल एवढी जागा राखतं. मोंढ्यात शेजारचा गाळा आधीच भाड्याने घेऊन ठेवावा तसं.

मेटा बीजी हा वेगळाच विचार आहे. डिस्क्रिप्टर एका ओळीत ठेवायचेच नाहीत. गटांचे समूह करायचे, एका ब्लॉकमध्ये जेवढे डिस्क्रिप्टर मावतात तेवढ्या गटांचा एक समूह: ४ केबी ब्लॉकमध्ये ३२ बाइटचे १२८, ६४ बाइटचे ६४. समूहाचा डिस्क्रिप्टर ब्लॉक त्याच समूहाच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या गटात ठेवायचा. अशी रचना असेल तर लांबणारी ओळच उरत नाही, मग राखीव गाळा कशासाठी? दोन्ही बिट चालू असले की एक भाग ब्लॉक राखीव समजतो आणि दुसरा भाग तिथे राखीव काही नाही असं गृहीत धरतो. आयनोड ७ मधली यादी खोटी ठरते, ब्लॉक कुणाचे ते कळत नाही. म्हणून एमके-ई-टू-एफएस ही जोडी स्पष्ट नाकारतं. चालू फाइलसिस्टिम वाढवताना राखीव जागा संपली तर कर्नल रिसाइझ आयनोडचा बिट काढून मेटा बीजी चढवतो. एक उतरवून दुसरं, एका म्यानात दोन तलवारी नकोत.

मेटा बीजी नसेल तर डिस्क्रिप्टरची अख्खी ओळ एका गटात मावली पाहिजे. ६४ बाइटच्या डिस्क्रिप्टरने १२८ एमबीत २० लाखांवर गट बसतात, म्हणजे कमाल २५६ टीबी. आपल्याकडच्या कुठल्या कॉलेजला किंवा साखर कारखान्याला ही मर्यादा जाणवायची शक्यता नाही. म्हणून ‘मोठी डिस्क आहे’ एवढ्या कारणाने मेटा बीजी मागू नका.

दुसरी जोडी: मेटाडेटा चेकसम (मेटाडेटा म्हणजे फाइलींबद्दलची माहिती) आणि अनइनिट बीजी. दोघेही गटाच्या डिस्क्रिप्टरमधल्या त्याच १६ बिटांच्या चौकटीत चेकसम लिहितात. जुनं अनइनिट बीजी सीआरसी१६ या पद्धतीने, नवं मेटाडेटा चेकसम सीआरसी३२सी काढून त्याचे खालचे १६ बिट घेऊन. चौकट एक, हिशेब दोन. एमके-ई-टू-एफएसला दोन्ही दिसले तर ते जुन्याचा बिट गुपचूप उतरवतं. डिस्कवर दोन्ही सापडले तर कर्नल नव्याला मानतो आणि ‘एफएसके चालवा’ असं बजावतो. ही जोडी नाकारण्याऐवजी सुधारता येते, कारण नव्या फीचरमध्ये जुन्याचं सगळं काम आलेलं आहे. आधीच्या जोडीत तसं नव्हतं. टूल लिहिणाऱ्याने हा फरक जोडीगणिक ठरवायचा असतो.

तिसरी जोडी कालबाह्य झालेली आहे, म्हणूनच बोधक. ईएक्सटी४ मध्ये एन्क्रिप्शन कर्नल ४.१ पासून आहे. केसफोल्ड, म्हणजे फाइलच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानणं, ५.२ पासून. मोठ्या डिरेक्टरीत नाव पटकन सापडावं म्हणून नावाचा हॅश (नावावरून काढलेला आकडा) काढून झाड बांधतात. केसफोल्ड असेल तर नाव आधी एकसारख्या अक्षरांत आणून मग हॅश काढावा लागतो. एन्क्रिप्शन असेल आणि किल्ली हाताशी नसेल तर मूळ नावच दिसत नाही, मग ते एकसारखं करणार कसं? सुरुवातीला उत्तर होतं, ‘दोन्ही एकत्र नको’, आणि जुनी टूल्स तसं सांगायची. पुढे उपाय निघाला: किल्ली वापरून सिपहॅश नावाचा हॅश काढायचा आणि तो डिरेक्टरीच्या नोंदीतच नावामागे लिहून ठेवायचा. २०२१ मध्ये कर्नल ५.१३ पासून ही जोडी चालते आणि टूल्सच्या १.४६ मालिकेने तिला मान्यता दिली.

म्हणून मनाईची यादी दगडावर कोरायची नाही, ती आवृत्तीशी बांधलेली असते. कर्नल स्वतः काय जाणतो हे ‘/सिस/एफएस/ईएक्सटी४/फीचर्स’ या डिरेक्टरीत फाइलींच्या रूपात दाखवतो. तिथे एन्क्रिप्शन आणि केसफोल्ड यांच्या वेगवेगळ्या फाइली आहेत, आणि जोडीसाठी ‘एन्क्रिप्टेड केसफोल्ड’ अशी तिसरी. दोन्ही सुट्या दिसतात म्हणून जोडी चालेल असं धरू नका, तिसरी फाइल बघा.

‘एकत्र नको’ एवढाच प्रकार नसतो, ‘याच्याशिवाय ते नको’ हाही असतो:

६४-बिट (मोठ्या डिस्कसाठी लांब ब्लॉक क्रमांक) किंवा बिगअलॉक (ब्लॉक जुडीने देणं) हवं असेल तर एक्स्टेंट्स (सलग ब्लॉकची एकच नोंद) हवंच.
चेकसम सीडला मेटाडेटा चेकसम हवंच.
ऑर्फन फाइलला जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) हवंच.
इनलाइन डेटा (छोटी फाइल आयनोडमध्येच ठेवणं) आणि प्रोजेक्ट कोटा (प्रकल्पागणिक जागेची मर्यादा) १२८ बाइटच्या आयनोडमध्ये बसत नाहीत, निदान २५६ बाइट हवेत.

शेवटची ओळ फीचर आणि आकार यांच्यातली आहे, फीचर-फीचरमधली नाही. टूलमध्ये हीच तपासणी राहून जाते, कारण आयनोडचा आकार वेगळ्या पर्यायातून येतो आणि वेगळ्या फंक्शनमध्ये वाचला जातो.

आता टूल लिहिणाऱ्यांसाठी, किंवा फॉरमॅटची स्वतःची स्क्रिप्ट सांभाळणाऱ्यांसाठी.

तपासणी शेवटच्या संचावर करायची. वापरकर्ता डॅश कॅपिटल ओ पर्यायाने ‘हे हवं, ^ लावून ते नको’ अशी यादी देतो. ती यादी वाचता वाचता प्रत्येक नावाला तपासणी लावली तर क्रमावर निकाल ठरतो. आधी मेटा बीजी मागितलं आणि पुढच्याच शब्दात रिसाइझ आयनोड काढलं, तर पहिल्या शब्दावरच टूल ओरडतं, विनाकारण. यादी पूर्ण वाचा, डीफॉल्ट मिसळा, आकार ठरवा, आणि मग एकदाच सगळ्या नियमांतून पाठवा.

वापरकर्त्याने मागितलेलं आणि डीफॉल्टने आलेलं वेगळं ठेवा. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ईएक्सटी४ च्या माउंटमध्ये याचा नेटका नमुना आहे. ‘डेटा=जर्नल’ (डेटाही आधी जर्नलमध्ये लिहिणं) हा पर्याय आणि ‘डीलॅलॉक’ (ब्लॉक उशिरा वाटणं) एकत्र चालत नाहीत, पण डीलॅलॉक डीफॉल्टने चालूच असतो. तुम्ही फक्त जर्नलचा पर्याय दिला तर कर्नल डीलॅलॉक निमूट बंद करतो. दोन्ही हाताने लिहिले तर माउंट नाकारतो. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमचं फॉरमॅटचं टूल एमकेएफएसही असंच वागतं. सीआरसी (चेकसम) बंद करा, तर त्यावर उभी असलेली डीफॉल्ट फीचर्स आपोआप बंद होतात. पण सीआरसी बंद करून रीफ्लिंक (फाइलींनी ब्लॉक वाटून घेणं) मुद्दाम मागाल तर चूक दाखवून थांबतं. माणसाने तोंडाने मागितलेली गोष्ट न सांगता टाळणं म्हणजे फसवणूक, आणि न मागितलेल्या गोष्टीसाठी त्याला अडवणं म्हणजे छळ. प्रत्येक फीचरसाठी दोन बिट ठेवा: चालू आहे का, आणि मागितलं होतं का.

नियम एकाच ठिकाणी लिहा. फॉरमॅट करणारं टूल, फीचर्स बदलणारं ट्यून-टू-एफएस, आकार बदलणारं रिसाइझ-टू-एफएस, तपासणारं ई-टू-एफएसके आणि कर्नल, एवढी दारं आहेत. फॉरमॅटच्या दारावर पहारा आणि ट्यूनच्या दारावर कुणी नाही, तर चोर मागच्या दाराने येणारच: कालची चांगली फाइलसिस्टिम आज एक पर्याय बदलून बिघडते. लायब्ररीत एकच फंक्शन ठेवा, त्याला फीचर्सचा संच, ब्लॉकचा आकार, आयनोडचा आकार आणि एकूण ब्लॉक द्या. ते पहिली सापडलेली नव्हे तर सगळी भांडणं परत देऊ दे. एकेक चूक दाखवत चार वेळा आज्ञा टाइप करायला लावणारं टूल लोक कंटाळून ‘फोर्स’ लावून चालवतात.

एक दार मात्र उघडंच असतं: डीबगएफएस. त्यातून फीचरचा कुठलाही बिट थेट चढवता-उतरवता येतो, जोडी तपासली जात नाही. ते ठीक आहे, ते शस्त्रक्रियेचं हत्यार आहे. पण ‘ई-टू-एफएसके अडतंय ना, मग डीबगएफएसने बिट काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. बिट ही दारावरची पाटी आहे. पाटी काढली म्हणून आतली खोली नाहीशी होत नाही. मेटाडेटा चेकसमचा बिट असा काढला तर आयनोड, डिरेक्टरी ब्लॉक यांत चेकसमसाठी ठेवलेली जागा तशीच राहते, आणि गटांच्या डिस्क्रिप्टरमधला जुना हिशेब दुसऱ्या पद्धतीने तपासला जाऊ शकतो. फीचर काढायचं तर ट्यून-टू-एफएसने, अनमाउंट करून, आधी आणि नंतर ई-टू-एफएसके डॅश एफ चालवून. ६४-बिट हे तर ट्यूनने निघतही नाही, त्यासाठी रिसाइझ-टू-एफएस लागतं: चढवायला डॅश बी, उतरवायला डॅश एस.

लिहिण्याआधी नाकारा. बोलायला सोपं, करताना चुकतं. अर्धा मेटाडेटा बदलून झाल्यावर ‘हे जमत नाही’ कळलं तर तेल गेलं, तूपही गेलं. बदल लांबलचक असेल, जसं सगळ्या आयनोडचे चेकसम नव्याने लिहिणं, तर मध्येच लाईट जाणार हे धरूनच चाला. एक्सएफएसने इथे चांगली पद्धत पाडली आहे. जुन्या फाइलसिस्टिमवर फीचर चढवताना आधी ‘नीड्स रिपेअर’ नावाचा इनकॉम्पॅट बिट लागतो, मग रचना बदलते, सगळं पूर्ण झालं की तो बिट निघतो. मध्ये वीज गेली तर कर्नल माउंट नाकारतो आणि एक्सएफएस-रिपेअर आधी चालवावं लागतं. ईएक्सटी४ च्या टूल्समध्ये डॅश झेड पर्यायाने ‘अनडू’ फाइल ठेवता येते. ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्याच डिस्कवर ठेवणं म्हणजे विहिरीत पडलेल्याने दोर कमरेला बांधून ठेवणं.

चुकीच्या संदेशात तीन गोष्टी हव्यात: कुठली दोन फीचर्स, त्यातलं कुठलं तुम्ही मागितलं आणि कुठलं डीफॉल्टने आलं, आणि कुठला शब्द बदलला तर जमेल. नुसतं ‘अवैध पर्याय’ लिहिणाऱ्याला त्याच संदेशावर रात्री दोन वाजता फोन यायला हवेत.

चाचणी अशी लावता येते. ट्रंकेट आज्ञेने १ जीबीची विरळ फाइल बनवा, ती जागा प्रत्यक्ष खात नाही. प्रत्येक जोडीसाठी फॉरमॅट, मग ई-टू-एफएसके डॅश एफएन, मग लूप माउंट (फाइलच डिस्कसारखी माउंट करणं), काही फाइली लिहिणं-पुसणं, अनमाउंट, पुन्हा तपासणी. ४३५ जोड्या साध्या यंत्रावर निवांत होतात. मग निकालांचे चार कप्पे पाडा: टूल आणि कर्नल दोघांनी घेतलं, दोघांनी नाकारलं, टूलने घेतलं पण कर्नलने नाकारलं, आणि टूलने नाकारलं पण कर्नलने घेतलं असतं. तिसरा कप्पा म्हणजे पहाऱ्यातलं भगदाड. चौथा म्हणजे जुनाट नियम, केसफोल्डसारखा. फाइल ५१२ एमबीपेक्षा लहान घेऊ नका, कारण त्याखाली एमके-ई-टू-एफएस ‘स्मॉल’ प्रकार निवडतं, ब्लॉक १ केबीचा होऊ शकतो, आणि तुमची चाचणी भलत्याच फाइलसिस्टिमची होते. नव्या एक्सएफएस टूल्सना तर ३०० एमबीखाली फॉरमॅटच मान्य नाही. जोड्यांवर थांबू नका, एन्क्रिप्शन, केसफोल्ड आणि इनलाइन डेटा अशी तिघांची भांडणंही हाताने निवडून घाला.

बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्रॅम, हे विसरलं जाणारं दार. ग्रब या बूटलोडरचा स्वतःचा छोटा फाइलसिस्टिम वाचक असतो आणि त्याची स्वतःची इनकॉम्पॅट यादी. ग्रब २.०६ च्या मूळ आवृत्तीला चेकसम सीड कळत नाही, २.१२ ला कळतं. कर्नल नवा, टूल नवं, पण बूट पार्टिशन नव्या डीफॉल्टने बनवलं आणि ग्रब जुना राहिला, तर यंत्र ‘अनोळखी फाइलसिस्टिम’ म्हणत तिथेच अडून राहतं. बूट पार्टिशनला या नव्या फीचर्सचा काडीचा उपयोग नाही, तिथे ती बंदच ठेवा.

एक्सएफएसवाल्यांसाठी थोडक्यात. रीफ्लिंक आरओ-कॉम्पॅट आहे, म्हणून ते न कळणारा कर्नल अशी डिस्क फक्त वाचू देतो. बिगटाइम (२०३८ नंतरच्या तारखांची सोय) इनकॉम्पॅट आहे, तिथे वाचायचंही नाव नाही. एफटाइप (डिरेक्टरीतल्या नोंदीत फाइलचा प्रकार लिहिणं) बंद असलेल्या जुन्या एक्सएफएसवर डॉकरचा ओव्हरले नीट चालत नाही, आणि एफटाइप नंतर चढवता येत नाही, पुन्हा फॉरमॅटच. चांगली गोष्ट ही की एक्सएफएस-प्रॉग्सबरोबर जुन्या कर्नलांसाठी तयार यादीच येते: एलटीएस (दीर्घ सपोर्टचे कर्नल) ४.१९, ५.४, ५.१० अशा नावांच्या फाइली, एमकेएफएसला डॅश सी ऑप्शन्स म्हणून द्यायच्या. ओपनझेडएफएस या फाइलसिस्टिममध्ये २.१ पासून ‘कॉम्पॅटिबिलिटी’ गुणधर्म आहे, तिथे ग्रब२ ची यादी निवडता येते, आणि बूट पूलवर बेसावध ‘अपग्रेड’ केलं तरी यादीबाहेरचं फीचर चढत नाही. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचं भांडण बरंचसं फाइलीच्या पातळीवर असतं. नोडेटाकाऊ (बदल जुन्या जागीच लिहिणं) लावलेल्या फाइलीला चेकसमही नाही आणि कॉम्प्रेशनही नाही, आणि चालू स्वॅपफाइल असलेल्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट निघत नाही. फॉरमॅटच्या वेळी हे पकडणं शक्यच नाही.

आता त्या मोंढ्यातल्या डिस्ककडे परत. सेंटओएस ७ चं तपासणी टूल १.४२.९ आहे, त्याला मेटाडेटा चेकसमही कळत नाही, जरी त्याच्या कर्नलला कळतं. १.४३ पासून नव्या टूल्समध्ये मेटाडेटा चेकसम आणि ६४-बिट डीफॉल्ट आहेत. म्हणून नव्या लॅपटॉपवर फॉरमॅट करताना तीन नावं ^ लावून द्या: मेटाडेटा चेकसम, चेकसम सीड, ऑर्फन फाइल. पहिलं काढलं की दुसरं काढावंच लागतं, ते पहिल्यावर उभं आहे. डिस्क १६ टीबीखालची असेल तर ६४-बिट नसलं तरी अडत नाही. हे दर वेळी टाइप करायचं नसेल तर ‘/ईटीसी’ मधल्या एमके-ई-टू-एफएसच्या कॉन्फ फाइलीत ‘जुनासर्व्हर’ असा प्रकार बनवा, नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, त्याच्या फीचर्सच्या ओळीत हीच ^ ची यादी लिहा, आणि डॅश कॅपिटल टी ने तो प्रकार मागा. वितरणानुसार या फाइलीतले डीफॉल्ट बदललेले असू शकतात, म्हणून गृहीत धरू नका, उघडून वाचा.

आधीच भरलेली डिस्क असेल तर नव्या लॅपटॉपवर अनमाउंट करून ई-टू-एफएसके डॅश एफ, मग ट्यून-टू-एफएसने आधी ऑर्फन फाइल, मग चेकसम सीड, मग मेटाडेटा चेकसम काढा, आणि पुन्हा ई-टू-एफएसके डॅश एफ. चेकसमची ही दोन फीचर्स काढताना सगळा मेटाडेटा नव्याने लिहिला जाऊ शकतो. काही टीबी भरलेल्या डिस्कला वेळ लागतो, तेवढा वेळ लॅपटॉप चार्जरवर आणि चार्जर यूपीएसवर असू द्या. मग डम्प-ई-टू-एफएस डॅश एच चालवून ‘फाइलसिस्टिम फीचर्स’ ची ओळ वाचा. तीनपैकी एकही नाव त्या ओळीत नसेल तरच डिस्क बॅगेत टाका.